तंबाखूच्या वखारीतला प्रश्न आणि परदेशी निधीचा कॉल

निपाणीजवळच्या एका महाविद्यालयात समाजकार्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने मला विचारलं आहे: "मला पीएचडीसाठी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा खोकला, दम आणि कंबरदुखी यांवर काम करायचंय. गाईड म्हणतात, याला कुणी पैसा देणार नाही. एका परदेशी फाउंडेशनचा किशोरवयीन मुलींच्या पोषणावर संशोधन प्रस्ताव मागवणारा कॉल निघालाय, कॉलेजही मागे लागलंय, तिकडे वळा. मॅडम, विद्यापीठात काय शोधायचं हे खरंच परदेशी पैसा ठरवतो का? मी विषय बदलू का?"

बेळगाव जिल्ह्यात सव्वीस वर्षं मी सामाजिक आरोग्याच्या संशोधनात आहे. प्रस्ताव लिहिले, फील्डच्या टीम सांभाळल्या, आता संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या एथिक्स कमिटीवर बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचते. म्हणून थोडं लांबीने लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पण लोकांना वाटतं तशी ही गोष्ट घडत नाही. इतक्या वर्षांत एकाही परदेशी देणगीदाराने मला "असा निष्कर्ष लिहा" म्हणून सांगितलेलं नाही. मसुदे बदलायला लावले तेही बहुतेकदा आकडेमोडीवरून. खरा फरक त्याच्या कितीतरी आधी पडतो. कॉल निघतो, त्यात चार विषय दिलेले असतात, आणि पाचवा विषय डोक्यात असलेली माणसं आपला प्रश्न त्या चारांपैकी एकात बसवायला लागतात. दोन-तीन वर्षांत तो पाचवा विषय त्यांच्या स्वतःच्याही आठवणीतून जातो.

तुमचाच विषय घ्या. तंबाखूवर पैसा नाही हे तुमच्या गाईडचं म्हणणं अर्धंच खरं आहे. २००६-०७ पासून ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तंबाखू नियंत्रणासाठी फार मोठा निधी दिला, भारतातही दिला. भारतात २००९-१० आणि २०१६-१७ मध्ये झालेलं जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण त्याच काळातलं. किती जण ओढतात, किती जण चघळतात, पाकिटावरचा इशारा कितींच्या नजरेत भरला, सोडायचा प्रयत्न कितींनी केला, अशी माहिती त्यातून मिळाली. ती हवीच होती. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मी जवळून पाहिलेत, त्या कामाचं मोल मला कुणी सांगायला नको. पण तंबाखू म्हणजे दुकानात टांगलेली पुडी, असं एकदा धरलं की त्या पुडीच्या आधी वखारीत भुकटीत बसून पाला चाळणारी बाई चित्रात येतच नाही. तिला कुणी मुद्दाम वगळलेलं नाही. प्रश्न खाणाऱ्याच्या बाजूने विचारला गेला, हाताळणारीच्या बाजूने विचारला गेला नाही. १९८१च्या आंदोलनाने निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला सगळ्या देशाने ओळखलं. वखारीतल्या बाईच्या फुप्फुसाला मात्र अजून स्वतःचा कॉल मिळालेला नाही.

आता जरा जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच सह्याद्रीतली आहे आणि परदेशी पैशाच्या दोन्ही बाजू तिच्यात दिसतात.

१९५२ साली पुण्यात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. त्या काळात रॉकफेलर जगभर अशा प्रयोगशाळा उभारत होतं. त्यांना रस होता डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंमध्ये, त्यातही पिवळ्या तापासारख्या आजारांमध्ये. आपल्याकडे त्या वर्षी कुणाला विचारलं असतं तर देवी, पटकी, हिवताप, क्षय हीच नावं आली असती. पण १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, माणसं तापाने पडू लागली. माकडं मरताहेत म्हटल्यावर पिवळा ताप भारतात शिरला की काय अशी धास्ती पडली. पुण्याची टीम तिथे पोचली आणि तो वेगळाच, गोचिडांतून येणारा नवा विषाणू निघाला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपण ज्याला माकडताप म्हणतो तो. रॉकफेलरला हवं म्हणून उभं राहिलेलं ते केंद्र नसतं, तर त्या गावांतल्या मरणांना नाव मिळायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. परदेशी पैसा म्हटला की नाक मुरडणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या नात्यातला निघाला, म्हणून तो उत्तरेकडून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला असावा अशी शंका आली. त्यासाठी सलीम अली यांच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालायचं मोठं काम सुरू केलं. आधी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता, पुढे अमेरिकी लष्कराच्या एका कार्यक्रमाचा आला. पक्षीशास्त्राला त्यातून अमाप माहिती मिळाली. सोरबच्या रानात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईच्या पायाला गोचीड लागू नये यासाठी त्यातलं किती काम आलं, हा प्रश्न राहिलाच. १९७४ मध्ये लष्कराच्या या पैशावरून हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या संशोधन प्रकल्पांवर १९७५ मध्ये अहवाल दिला, त्यात पक्ष्यांच्या या प्रकल्पासोबत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्पही होता. डासांचा तो प्रकल्प त्याच वर्षी बंद पडला. आज परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ही कटकट वाटते, पण या इतिहासाकडे पाहिलं की तिच्यामागचं कारण कळतं.

रॉकफेलर पुढे बाहेर पडलं. संस्था आयसीएमआरने चालवली आणि १९७८ मध्ये ती राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाली. माकडताप मात्र रानातच राहिला. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि गोव्यात सत्तरीला उफाळला. काजूच्या हंगामात तिकडे जाणारे मजूर आपल्या भागातले. जुनी लस पुरेशी गुणकारी नाही म्हणून २०२२ मध्ये ती देणंही थांबलं. पासष्टहून जास्त वर्षं माहीत असलेल्या रोगाला चांगली लस नाही, कारण तो ज्यांना होतो ते गरीब आहेत आणि एका डोंगररांगेपुरते आहेत. परदेशी देणगीदाराचं लक्ष गेलं तेव्हा आपल्या सरकारांनी आणि विद्यापीठांनी तो प्रश्न आपला म्हणून उचलायला हवा होता. तो दोष मी देणगीदाराच्या माथी मारणार नाही.

बेळगावातलं उदाहरण त्याहून आनंदाचं आहे. केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी केली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा आणि गेट्स फाउंडेशनचा. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका, आणि गोळी देणाऱ्या आपल्या एएनएम सिस्टर. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेतलेल्यांत १२ टक्के, गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. निकाल २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. निम्म्या बायकांना प्लासिबो का दिला, यावर टीका झाली. ती टीका गंभीर आहे आणि ती व्हायलाच हवी होती. माझं मत असं, की ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, त्या वेळी घरच्या बाळंतपणात ते मिळतच नव्हतं, आणि रक्त जाऊन मेलेली बाई ज्या घराने पाहिली त्या घराचाच हा प्रश्न होता. देणगीदाराचा प्रश्न आणि गावाचा प्रश्न इथे एकच निघाला. असं होतं तेव्हा परदेशी पैशाइतकं उपयोगी काही नाही.

पुढे काय झालं तेही पाहा. एक चोख यंत्रणा उभी राहिली. गरोदर बाईची नोंद, बाळंतपण, ४२ दिवसांपर्यंत पाठपुरावा. तिच्या जोरावर गरोदरपणात ऍस्पिरिन, प्रसूतीत ऍझिथ्रोमायसिन अशा बहुदेशीय चाचण्यांत बेळगाव आणि नागपूर ही भारतातली केंद्रं झाली. ऍस्पिरिनच्या चाचणीत सहा देशांतल्या जवळपास बारा हजार बायका होत्या. हे सगळं अभिमानाचं आहे. पण यंत्रणा जे मोजायला शिकते तेच प्रश्न तिच्याकडे येत राहतात. ४२ दिवसांनी बाई त्या नोंदवहीतून बाहेर पडते. पन्नाशीला तिचं अंग बाहेर येतं, ऊस तोडून कंबर जाते, तेव्हा तिला विचारायला कुणाची नोंदवही नसते.

देवदासी बायकांच्या बाबतीत हे मला सर्वांत जास्त टोचतं. २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या 'अवाहन' कार्यक्रमाने एचआयव्हीवर कर्नाटकात मोठं काम केलं, मॅनिटोबा विद्यापीठाची माणसं सोबत होती, आणि ज्या जिल्ह्यांत रक्ततपासणीसह सर्वेक्षणं झाली त्यांत बेळगाव होता. त्या कामाने जीव वाचले, बायकांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहिल्या. पण त्या दहा वर्षांत माझ्याकडे परीक्षणाला आलेल्या प्रबंधांत सौंदत्ती-अथणीकडची देवदासी बाई जवळजवळ दर वेळी 'जोखमीचा गट' म्हणूनच आली. तिची जमीन, तिची पेन्शन, शाळेच्या दाखल्यात मुलाच्या बापाचं नाव काय लिहायचं हा तिला रोज छळणारा प्रश्न, देवदासी प्रथा बंद करणारा १९८२चा कायदा तिच्या गल्लीपर्यंत कितपत पोचला, यावरचे प्रबंध मी हाताच्या बोटांवर मोजले. विद्यार्थ्यांचा दोष नव्हता. फील्डवर्करचा पगार, प्रवासखर्च, तयार प्रश्नावली हे सगळं एचआयव्हीच्या प्रकल्पात होतं.

भाषेचंही तसंच. हे तुम्हाला लगेच पटेल. काही वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकल्पात मी फील्ड बघत होते. प्रश्नावली इंग्रजीतून कन्नडमध्ये झाली, कन्नडमधून पुन्हा इंग्रजीत करून तपासली गेली. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत गेलो तर बायका मराठी बोलणाऱ्या. आमच्या मुली कन्नड छापील कागद हातात धरून तोंडी मराठी करत होत्या, आणि प्रत्येकीचं मराठी वेगळं. एक विचारायची "अंगावरून जातं का?", दुसरी "पांढरं जातं का?" पहिलं ऐकून काही बायका लाल जाण्याबद्दल सांगायच्या. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगळे आजार भरले जात होते. मराठी प्रश्नावलीचा खर्च मागितला तर उत्तर आलं की एका केंद्राला एकच भाषा मंजूर आहे. आम्ही रात्री बसून मराठी तर्जुमा केला, पण तोवर चारशेच्या वर घरं होऊन गेली होती. त्या चारशे घरांची उत्तरं अहवालात बाकीच्यांसारखीच मोजली गेली. सीमाभागात काय होतं हे दूरच्या ऑफिसातल्या माणसाला ठाऊक नसतं, आणि इथल्या माणसाने वेळेत तोंड उघडलं नाही तर ते कायमचं आकड्यांत जाऊन बसतं. मी तेव्हा उशीर केला, ही खंत अजून आहे.

पैशाच्या नियमांचं थोडक्यात सांगते, कारण कॉलेजच्या ऑफिसात तुम्हाला हेच ऐकवतील. ट्रस्टच्या किंवा सोसायटीच्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट सक्तीचं असलेल्या संस्थांना यातून सूट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक हे या कायद्यात परदेशी स्रोत धरले जात नाहीत. २०२० च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल केले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. या दुसऱ्या बदलाने आपल्यासारख्यांचं नुकसान झालं. आधी मोठ्या संस्थेच्या प्रकल्पातून गावातल्या छोट्या संस्थेला हिस्सा मिळायचा आणि तिच्यासोबत गावाचे प्रश्नही आत यायचे. आता मोठी संस्था सगळं स्वतःच करते.

ओव्हरहेडचाही विचार करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था परदेशी विद्यापीठाला अप्रत्यक्ष खर्चापोटी फक्त ८ टक्के देतात. म्हणजे एक कोटीच्या थेट खर्चावर आठ लाख, त्यात वीज, हिशेबनीस, लायब्ररी, एथिक्स कमिटीचं ऑफिस सगळं आलं. कॉलेजला वाटतं पैसा आला, प्रत्यक्षात तुमच्या वखारीच्या अभ्यासासाठी वापरता येईल असं त्यातून काही उरत नाही.

आणि हा पैसा थांबतो तेव्हा एका रात्रीत थांबतो. ब्रिटनने परदेशी मदत कापली आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या संशोधन संस्थेने १२ कोटी पौंडांची तूट जाहीर केली, चालू प्रकल्प अर्ध्यात मोडले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला ती मदत देणारी यूएसएड ही संस्था बंदच झाली, मेमध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशातल्या सहयोगी संस्थांना द्यायच्या नव्या उपअनुदानांना खीळ घातली. या निर्णयांत बेळगावचं नाव कुठेच नव्हतं. पण अशाच एका थांबलेल्या प्रकल्पानंतर मी हुक्केरीकडच्या एका गावात गेले, तर दारातली बाई म्हणाली, "ताई, पुढची तपासणी कधी हाय? त्या पोरी परत आल्याच न्हाईत." त्या पोरी कंत्राटी होत्या, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी बसल्या होत्या.

देशी पैसा निर्मळ आणि परदेशी तेवढा ओढून नेणारा, असं मात्र समजू नका. २०२०-२१ च्या आकड्यांनुसार आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, म्हणून दिल्लीतून निघणाऱ्या थोड्या अनुदानांतही मंत्रालयाच्या आवडीचे शब्द वापरावे लागतात. २०२३ च्या कायद्याने आलेल्या, संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींची कल्पना आहे, पण त्यातला मोठा भाग खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. खासगी पैशाला वखारीतल्या खोकल्यात रस असेल असं मला वाटत नाही.

आता तुम्ही काय करावं. विषय बदलू नका. पोषणाच्या प्रकल्पात कॉलेजला तुम्ही हव्याच असाल तर सहसंशोधक म्हणून आठवड्याचा एक दिवस द्या आणि तो लेखी ठरवून घ्या. त्या मुलींत वखारीतल्या बायकांच्या मुली येतीलच, त्यांच्या घरी तुमची ओळख होईल, तेवढा फायदा घ्या. पीएचडी मात्र स्वतःच्या प्रश्नावरच.

कॉल वाचायच्या आधी तुमचा प्रश्न एका पानावर मराठीत लिहून काढा आणि तारीख घाला. सहा महिन्यांनी प्रस्ताव तयार होईल तेव्हा ते पान शेजारी ठेवून बघा, काय गळलंय ते लगेच दिसेल. मी प्रत्येक प्रस्तावाला असं करते, आणि दोनदा त्या पानामुळे प्रस्ताव मागे घेतलाय.

पैशासाठी एक दार तुमच्या गाईडना बहुधा सुचलेलं नाही. तंबाखू नियंत्रणाच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली, त्याचं कलम १७ तंबाखूतल्या कामगार-शेतकऱ्यांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे आणि कलम १८ तंबाखूच्या शेती-उत्पादनातल्या माणसांच्या आरोग्याबद्दल. खाणाऱ्यांवर पैसा देणारे देणगीदारही याच कराराचं नाव घेतात. ही दोन कलमं प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ठेवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतल्या तंबाखू मजुरांवर पूर्वी काम केलंय आणि तिचं प्रादेशिक केंद्र बंगळुरूला आहे, त्यांना पत्र लिहा. आयसीएसएसआरचे (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद) लघु प्रकल्पही बघा.

पण सुरुवात त्याचीही वाट न बघता करा. साठ बायका पुरेत. श्वास किती जोराने सोडता येतो ते मोजणारा एक पीक-फ्लो मीटर, अंगदुखीसाठी नॉर्डिक प्रश्नावली, श्वासाच्या त्रासाची प्रमाणित प्रश्नावली, आणि तंबाखूत नसलेल्या त्याच वस्तीतल्या साठ बायका तुलनेला. मुलाखत वखारीत घेऊ नका, मालकाच्या डोळ्यासमोर कुणी खरं सांगणार नाही आणि सांगितलं तर तिची मजुरी जाईल. रविवारी घरी जा. एथिक्स कमिटी तुम्हाला हाच प्रश्न आधी विचारेल.

पुढे परदेशी पैसा आलाच तर करारात पाच गोष्टी लिहून घ्या: डेटाची पूर्ण प्रत तुमच्या संस्थेकडे राहील; निकाल कसाही आला तरी छापता येईल; कन्नड आणि मराठी दोन्ही प्रश्नावल्यांचा खर्च बजेटमध्ये असेल; निधी मध्येच थांबला तर फील्डच्या मुलींना तीन महिन्यांचा पगार मिळेल; आणि निष्कर्ष छापून येण्याआधी त्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगितले जातील. मी मागितल्यावर यातल्या तीन गोष्टी बहुतेकांनी मान्य केल्यात. पगाराच्या अटीवर सर्वांत जास्त घासाघीस होते, तिथे हटू नका.

सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला पाठवा, सोबत ते एक पान आणि मराठी प्रश्नावलीही. 'दम लागणे', 'धाप लागणे' आणि 'छाती भरून येणे' हे निपाणीच्या बायका वेगवेगळ्या अर्थाने वापरतात का, हे आधी पाच-सहा जणींशी बोलून बघा.